स्वयंपाकघरामागचा धोंडा

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं लोक नुसतं म्हणतात. मी तो टेम्पोने मागवला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न करून मी मुलुंडला आले, पूर्वेकडच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर. घरात माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. लग्नाआधी मी बोरिवलीला बागा तयार करून देणाऱ्या एका गृहस्थांकडे कामाला होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. कारखान्यांच्या आवारात, बंगल्यांच्या पुढ्यात आम्ही बागा करायचो आणि त्यातलं दगडांचं काम माझ्याकडे असायचं. ते काम मला येत होतं, आणि आवडतही होतं. लग्न ठरताना नोकरीचा विषय निघाला तेव्हा सासरची मंडळी म्हणाली, पुढे बघू. त्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे कळायला मला लग्न करावं लागलं.

दिवसभर मी आणि सासूबाई. नवरा सकाळी ऑफिसला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सासरे गेल्यावर सासूबाई मालवणकडचं घर सोडून मुलाकडे आल्या होत्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, रस्ता ओलांडायची भीती वाटायची, आणि सोसायटीच्या फाटकापलीकडे त्या एकट्या कधी गेल्या नाहीत. त्यांच्यामुळे मीही गेले नाही. भाजी निवडायची, वाळत घालायचं, खिडकीच्या ग्रिलमधून कुंपणाची भिंत बघायची. कधीकधी वाटायचं की त्या भिंतीवरचं शेवाळही माझ्यापेक्षा जास्त फिरतंय.

भिंत आणि आमचं स्वयंपाकघर यांच्या मधे एक पट्टा होता. बिल्डरने टाकलेलं डबर, फुटक्या फरशा, वरून पडलेले कपड्यांचे चिमटे. एका उन्हाळ्यात सासूबाई आंब्यांसाठी गावी गेल्या आणि मी तो पट्टा साफ करून घेतला. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले करा, तेवढेच उंदीर कमी होतील. मग पवईकडच्या खाणीवरून काळा दगड मागवला. नवऱ्याला सांगितलं बाग करतेय. खरं कारण मनात ठेवलं. काकांना दाखवायला मला नमुना हवा होता. हात अजून बसलेला आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तर ते मला परत बोलावतील आणि घरच्यांशी बोलतीलही, असा माझा हिशेब होता.

दगडांची बाग म्हणजे दगडांचा ढीग नव्हे. प्रत्येक दगडाला रेषा असतात. सगळ्या दगडांच्या रेषा एकाच दिशेला आल्या पाहिजेत. दगड जमिनीवर ठेवायचा नसतो, एक तृतीयांश तरी पुरायचा असतो, रुंद बाजू खाली. भोवती माती दाबून बसवायची, फटींत नेचे आणि गवत लावायचं. हे सगळं जमलं तर बघणाऱ्याला वाटतं की दगड कोणी आणलेलाच नाही, तो जमिनीतून आपसूक वर आलाय. काकांनी मला हेच शिकवलं होतं आणि मी ते त्या उन्हाळ्यात जीव ओतून केलं. मधोमध एक उभा दगड बसवला, कंबरेएवढा, खाली रुंद आणि वर निमुळता. तो पट्ट्याचं केंद्र होता. महिनाभरात त्याच्या पायाशी नेचे असे फुटले की माझं मलाच खरं वाटेना.

सासूबाई परत आल्या, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबल्या. मला वाटलं, आवडलं. मग त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले.

त्यांच्या गावी प्रत्येक जागेला राखणदार असतो, जागेवर पहारा देणारा देव. बऱ्याचदा तो असाच एक धोंडा असतो, जमिनीतून वर आलेला. आपण मुंबईत आलो आणि राखणदार मागे राहिला, ही खंत त्यांना होतीच. आता तो आला होता. नवरा हसून म्हणाला की अगं आई, हा टेम्पोतून आलाय, भाडं मीच दिलं. त्या म्हणाल्या की देव कधी आपल्या पायांनी चालत आलाय का, तो कोणाच्या तरी डोक्यावरूनच येतो. संध्याकाळी शेंदूर लागला. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, शेजारपाजारच्या कोकणातल्या बायका जमल्या, सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं आणि बायका प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणाल्या. माझ्या नेच्यांवर नारळाचं पाणी सांडलं.

इथवर मला हसू येत होतं. हसू संपलं ते दिव्यावरून. राखणदाराला रोज सकाळी पाणी आणि तिन्हीसांजेला दिवा लागतो. तो घरच्या सवाष्णीनेच लावायचा. सासूबाई विधवा, त्यांच्या हातचा चालत नाही. आणि ज्या हातांनी देव आणला त्याच हातांनी लावलेला बरा. म्हणजे मी. महिन्याचे चार दिवस वरच्या मजल्यावरच्या काकू लावतील, असं ठरलं. त्या चार दिवसांत मला कुठेही जाता आलं असतं, पण चार दिवसांची नोकरी देतो कोण?

मी तरी हट्ट सोडला नाही. काकांना निरोप पाठवला. त्यांना बोरिवलीला एका नव्या वसाहतीचं मोठं काम मिळालं होतं, सगळा उतार, पायऱ्या आणि दगडी कट्टे. त्यांना माणूस हवाच होता. रविवारी येतो, घरच्यांशी बोलतो, असा निरोप उलट आला. तो आठवडा मी उड्या मारत काढला. संध्याकाळी परतायला उशीर होणार हे दिसत होतं, पण काकांसारखा वडीलधारा माणूस समोर बसून बोलला तर सासूबाई दिव्याचं काहीतरी जमवून घेतील, असं मी धरून चालले होते.

काका आले. चहा झाला. सासूबाईच त्यांना मागे घेऊन गेल्या. ते दगडांकडे बघत हळूहळू पुढे गेले, एका रेषेवरून बोट फिरवलं, पाणी कुठून जातं ते विचारलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, झकास. माझा ऊर भरून आला. मग ते मधल्या दगडापाशी आले. मूळचे तेही रत्नागिरीकडचे. त्यांनी चपला काढल्या.

मी त्यांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, “काका, तुम्हीच शिकवलंय. हा मी बसवलाय.”

“दिसतंय गं,” ते म्हणाले. “पण आता इथे दिवा लागतो. हे सोडून कामाला चल, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?”

नोकरीचा विषय त्यांनी काढलाच नाही. सासूबाईंनी दिलेला प्रसाद रुमालात बांधला आणि गेले. मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. सासूबाईंचं मी समजू शकत होते. पण हा माणूस, ज्याला दगड किती आत गेलाय हे नुसतं बघून सांगता येतं, तो चपला काढून उभा राहतो, याला काय म्हणायचं?

दुपारी नवरा आडवा झाला. सासूबाईही पडल्या असतील असं समजून मी माळ्यावरून पहार काढली आणि मागे गेले. दगड हलवायचं ठरवलंच होतं, दगड नसला की दिवाही नाही. पुढे जे व्हायचं ते होऊ दे. देव, कोप, पाप, सगळ्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती. नेचे बाजूला सारले, पहारीचं टोक दगडाखाली घातलं आणि जोर लावला. दगड जरासा कुरकुरला.

वर बघितलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत सासूबाई उभ्या होत्या. दोन्ही हातांनी ग्रिलचे गज धरलेले. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मी वाट बघत राहिले की आता त्या ओरडतील, देवाचं नाव घेतील, शाप देतील. त्या अगदी हळू बोलल्या.

“तू गेलंस तर दिसभर ह्या घरात मी कोणाक हाक मारू गो?”

देवाचं नाव त्यांनी घेतलंच नाही. माझी सगळी उत्तरं देवासाठी होती. पहार मातीत तशीच उभी होती. ती उपसून काढली, माती पायाने दाबली, नळावर हात धुतले. मग आत गेले आणि चहा टाकला, दोघींचा.