पांढरं पडलेलं समुद्रफूल

काका कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी चष्मा कपाळावर सारायचे आणि घरात जे काही जिवंत असेल त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे. तुळस, पोपट, नाहीतर तापाने फणफणलेलं पोर. नीट बघून घ्यायचे आणि म्हणायचे, "अच्छा. म्हणजे असं आहे तर." मग आम्हाला नमस्कार. आम्ही बहुधा जिवंतांत मोडत नसू.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटे राहायचे. केंद्र सरकारातून निवृत्त. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळली होती. काकू गेल्या आणि त्यांनी ती देऊन टाकली.

पन्नाशीत कोणी मोटारसायकल घेतं, कोणी गाणं शिकतं. मी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. त्यात एक समुद्रफूल आणून सोडलं. दिसायला फूल, पण असतो प्राणी. बर्फासारखं शुभ्र. दुकानदार म्हणाला होता, "साहब, ऐसा प्युअर व्हाइट पीस दोबारा नहीं मिलेगा." मी अख्ख्या सोसायटीला बोलावून दाखवलं.

काकाही आले. चष्मा वर गेला. पण नेहमीचं वाक्य आलं नाही.

"हे पांढरं नाहीये रे," ते म्हणाले. "पांढरं पडलंय."

"म्हणजे?"

"याच्या अंगात तपकिरी शेवाळ राहतं. उजेडात तेच याचं जेवण बनवतं. ते निघून गेलंय. चूलच विझली म्हण ना. आणि तू लोकांना बोलावून दाखवतोयस!"

तुम्हीही कधीतरी दुखण्याला देखणेपण समजला असाल. मी तर त्याची पार्टी दिली होती.

काकांनी समुद्रफुलाचं तोंड पाहिलं. घट्ट मिटलेलं होतं. बुडाचा पाय दगडाला धरून होता. "वाचेल. पण तीन-चार महिने तरी लागतील. उजेड कमी कर, आत्ता त्याला सोसणार नाही. आणि भरवावं लागेल."

भरवायला तेच यायचे. एक दिवसाआड, स्टीलच्या छोट्या डबीत कोळंबीचे तांदळाएवढे तुकडे घेऊन. लांब चिमट्याने एकेक तुकडा पुढे करायचे आणि म्हणायचे, "घे रे राजा. हळूहळू." आमच्या मुलांना मी इतक्या प्रेमाने भरवलेलं मला आठवत नाही. बायकोलाही आठवत नाही. तिने तसं बोलूनही दाखवलं.

सहा आठवड्यांनी एका संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना टाकीपाशी हाक मारली. समुद्रफुलाच्या बोटांसारख्या पाकळ्यांच्या मुळाशी फिकट तपकिरी छटा होती. सांडलेल्या चहाच्या डागाएवढी. काकांनी चष्मा पुसला, मग डोळे.

"पेटली बरं का चूल," ते म्हणाले.

गणपतीच्या दोन दिवस आधी त्यांना छातीत दुखू लागलं. हॉस्पिटलात जायला गाडीत बसतानाही डबी माझ्या हातात कोंबून म्हणाले, "सण आहे म्हणून उपाशी ठेवू नकोस त्याला. आजाऱ्याला कसलं आलंय सोवळं?"

मी बिल्कुल बिल्कुल म्हणालो.

आमचे गणपती पाच दिवसांचे. पुण्याहून आई आली होती. मखर टाकीशेजारीच होतं. मी डबी उघडली आणि आई म्हणाली, "बाप्पासमोर कोळंबी? अरे, काही शोभतं का?" ऑफिसात बारा माणसं मला घाबरतात. मी म्हणालो, "नाही, आई," आणि डबी फ्रिजमध्ये टाकली; फ्रिजसकट शेजाऱ्यांकडे पाठवायची तेवढी बाकी ठेवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दर्शनाला माणसं येणार म्हणून टाकीचे सगळे दिवे मीच पूर्ण लावले. पाचही दिवस. पाहुणे म्हणायचे, "यार, क्या डेकोरेशन है!"

विसर्जन करून घरी आलो तेव्हा समुद्रफुलाचं तोंड उघडं पडलं होतं आणि पाय दगडावरून सुटला होता. दुसऱ्या दिवशी ते विरघळायला लागलं. मी ते जाळीने बाहेर काढलं.

काकांना भेटायला हॉस्पिटलात गेलो तो आठवडाभराने. खूप वाळले होते. चष्मा उशाशी होता.

"आपला पेशंट काय म्हणतोय?"

"मस्त आहे, काका! रंग आला. पूर्ण तपकिरी झालाय!"

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. तीन-चार महिन्यांचं काम दोन महिन्यांत होत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. फोन माझ्या हातातच होता. फोटो दाखव, असं ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी काका गेले. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला, हलकेच थोपटला आणि विचारलं, "तू जेवलास का रे?"

मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं.