डच घड्याळाच्या घंटा

मंडळी, दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सांगलीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आज कडेगावच्या जैनबचाचींनी घरचं बंद घड्याळ बघायला बोलावलं. त्यांच्या सासऱ्यांनी माधवनगरच्या एका बंगल्याच्या लिलावात घेतलेलं, माणसापेक्षा उंच, गाणं वाजवणारं जुनं डच घड्याळ.

साफ करून चावी दिली. तबकडीवरचं जहाज डुलायला लागलं. बारीक खिळे ठोकलेला पितळी रूळ फिरला, हातोड्या उठल्या आणि हवेतच आपटल्या. वर एकही घंटा नव्हती.

"चाची, घंटा कुठं गेल्या?"

"आवं, शेळ्यांच्या गळ्यात हायत की. घड्याळ बंद पडलं तवा सासऱ्यांनी काढून बांधल्या."

मी बाहेर जाऊन एका शेळीच्या गळ्यातली घंटा हातात घेऊन बघितली. कुणीतरी एकेक घंटा घासून सुरात बसवली असेल, आणि आता आत लोलक म्हणून लोखंडी नट लटकवून ती शेळीला बांधलेली.

"बाजारातनं नव्या आणून देतो, या मला द्या."

"बाजारातल्या समद्या एकसारख्या वाजत्यात," चाची म्हणाल्या. "ह्या निराळ्या वाजत्यात. उसात शेळी दिसत न्हाई. आवाजावरनं कळतं, कुठली कुठं हाय ती."

घरात हातोड्या हवेत आपटत होत्या आणि त्यांचं गाणं बाहेर बांधावर चरत होतं.

निघताना चाची म्हणाल्या, "लयच वाटत आसंल तर न्या सोडून."

उद्या परत जायचंय. तुम्हीच सांगा, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा सोडून आणू का?