गाव सोडणाऱ्याचं आडनाव

आमच्या खात्यातला जर्मन इंजिनियर दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या एका इस्पितळात आम्ही दोघं अकरा वर्षं यंत्रं दुरुस्त करत होतो. एक्स-रेची यंत्रं त्याच्याकडे, डायलिसिसची माझ्याकडे. लग्न केलं नव्हतं, आईवडील केव्हाच गेलेले. कंपनीच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची जागा कोरी होती. दूतावासाने तीन आठवडे थांबायचं कबूल केलं. तेवढ्यात कुणी सापडलं नाही, तर दफन इथेच होणार होतं.

ते मला होऊ द्यायचं नव्हतं. एकदा माझ्या डब्यातल्या आमटीत खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, बुडवताना तो म्हणाला होता, "मला कुठेही पुरा, पण माझ्या रक्ताचं एक माणूस तिथे उभं असू दे." मी हो म्हणून बसलो होतो. जेवताना माणूस कशालाही हो म्हणतो.

आम्हा कोकणातल्या माणसांना नातं शोधायची एकच रीत ठाऊक. गाव कुठलं, आडनाव काय, कुळस्वामी कोणता. विचारत गेलं की तिसऱ्या प्रश्नाला कुणाची तरी आतेसासू निघते. त्याच्या आडनावाचा अर्थ 'अमक्या गावचा', हे त्यानेच मला सांगितलं होतं. म्हणजे आमच्यासारखाच 'कर'. मग काय, मी थेट त्या गावाला ईमेल केली. तिथल्या चर्चच्या कचेरीतल्या बाईंनी नम्रपणे कळवलं की या आडनावाचं एकही घर गावात नाही. गावातल्या गावात कुणी कुणाला गावाच्या नावाने ओळखत नाही, ते नाव बाहेर पडलेल्यांना बाहेरच्यांनी दिलं. मी कपाळावर हात मारला. आमच्या गावात तरी आमच्या आडनावाचं कोण आहे? आजोबा बोटीत बसून मुंबईला गेले, तेव्हा ते त्यांना चिकटलं.

मग मी आडनावाच्या मागे जगभर निघालो. पूर्वी तिकडच्या राजवटींनी ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायला लावलं, तेव्हा त्या गावातून आलेल्या काही ज्यू कुटुंबांनी हेच घेतलं. त्यामुळे एकच आडनाव ख्रिस्ती घरांतही आणि ज्यू घरांतही. तिथून ते पोलंडला गेलं, अमेरिकेत गेलं, अर्जेंटिनात गेलं. इंटरनेटवर जो सापडला त्याला मी लिहिलं. ख्रिस्ती म्हणायचे, आमच्यातला दिसत नाही, ज्यूंकडे विचारा. न्यूयॉर्कच्या एका ज्यू शिंप्याच्या मुलीने लिहिलं, आमचे सगळे पोलंडमधून आले, जर्मनीत कुणी नव्हतं. अर्जेंटिनाच्या एका म्हाताऱ्या ज्यू गृहस्थांनी लिहिलं की या आडनावाचे त्यांचे जे लोक जर्मनीत मागे राहिले, त्यांच्यातलं कुणीही उरलं नाही. अशीच शोधाशोध त्यांनी तरुणपणी केली होती आणि मग सोडून दिली. तुमचा माणूस आमचा नसेल, तरी त्याच्यासाठी प्रार्थना म्हणतो, असं शेवटी होतं. ते वाचून मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही.

तिसऱ्या आठवड्यात मी पुरता कावलो होतो. जेवताना हातात मोबाइल, बायकोवर ओरडणं, कामात चुका. मुलगा म्हणाला, "बाबा, लेट द एम्बसी हँडल इट." मी ताट त्याच्याकडे ढकललं.

इंजिनियरची खोली मीच आवरली होती. पासपोर्ट, पदव्या, इथल्या राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, सगळं दूतावासाला दिलं. एक मात्र दिलं नाही. टेबलाच्या खणात पत्रांचा गठ्ठा होता, सगळ्या पाकिटांवर पाठवणारी म्हणून एकाच बाईचं नाव, आडनाव वेगळंच. असेल कुणी मैत्रीण, कदाचित कुणाची बायको, असं मी धरून चाललो. परक्या बाईचं नाव चव्हाट्यावर कशाला? जर्मन मला येत नाही, पण येत असतं तरी वाचली नसती, आम्हाला तसं वळण नाही. मी गठ्ठा पिशवीत बांधून घरी आणला आणि कपाटात ठेवला. आपण फार सभ्यपणे वागलो असं मला वाटलं होतं.

दफनाला आम्ही चौघं होतो, त्यातला एक ड्रायव्हर. वारा इतका होता की डोळे उघडवत नव्हते. फॉर्मवर मृताशी नातं विचारलं होतं. मी 'सहकारी' लिहिलं आणि सही केली.

नऊ दिवसांनी कंपनीच्या पत्त्यावर पत्र आलं, इंग्रजीत. पाकिटावर तेच नाव होतं, माझ्या कपाटातल्या गठ्ठ्यावरचं. "मी त्याची धाकटी बहीण. त्याचा फोन बंद लागतो. तो बरा आहे ना?"

माझ्या बहिणीच्या लग्नात तांदळाचं ताट मीच धरलं होतं. मेव्हण्यांनी त्यात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. आडनावच काय, पाळण्यातलं नावही त्या सकाळी गेलं. वीस वर्षं तिचं फराळाचं पार्सल त्या नव्या नावाने येतं आणि मी सही करून घेतो. आणि मी त्या माणसाच्या आडनावाचे लोक अर्जेंटिनापर्यंत शोधत होतो.

मी तिला जमेल तसं कळवलं. तिचं उलट टपाली उत्तर आलं. मला का बोलावलं नाही, असं तिने एका शब्दानेही विचारलं नाही. तिला एवढंच हवं होतं, की तिची पत्रं भावाने जपून ठेवली होती का.

मी लिहिलं, हो, सगळी जपून ठेवली होती, प्रत्येकावर तुमचं नाव आणि पत्ता आहे. दफनाच्या दिवशी ती माझ्या कपाटात होती, हे अजून लिहिलेलं नाही.