बाबिलोनचा महिना, शहागंजचा चंद्र

जुन्या बाबिलोनमध्ये महिना कसा सुरू व्हायचा, हे मी शहागंजातल्या माझ्या शिंप्याला अभिनयासकट दाखवलं. रमजानचा एकोणतिसावा दिवस, दुपारची वेळ. इस्त्रीच्या टेबलाशी मी राजाचा पहारेकरी झालो आणि कपाळावर हात धरून मावळतीकडं पाहू लागलो. कोर दिसली, की नवा महिना. नाही दिसली, तर चालू महिन्याचे तीस दिवस पुरे करायचे.

मास्टर मशीन न थांबवता म्हणाले, "तो फरक क्या हुआ? आम्ही पण हेच करतो."

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण ऐकणारा मिळाला, की माझी जीभ आवरत नाही. मी म्हटलं, "मागचा महिना एकोणतीसचा झाला ना? मग हा तिसाचा. ईद परवा."

"पक्का?"

"मास्टर, बाबिलोनचा हिशेब आहे."

हिशेब माझाच होता, तोही बोटांवरचा. मास्टरांनी मात्र तो खरा मानला. सहा कुर्ते शिवायचे बाकी होते. त्यांचं एकही गिऱ्हाईक ईदच्या नमाजाला नव्या कपड्यावाचून गेलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना फार अभिमान. तरी एक दिवस हाताशी आहे, म्हणून त्यांनी कारागिराला सिल्लोडच्या बसनं घरी जाऊ दिलं.

रोजा सोडून ते गच्चीवर आले, मीही मागोमाग. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या. पलीकडच्या एका बाईनं बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या जरा वर, नखाच्या कडेएवढी कोर. एकोणतीसचे दोन महिने लागोपाठ येऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं.

मास्टरांनी आधी हात उचलून दुआ मागितली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पहारेकरी साहब, बटन टांकना आता है?"

"जमेल."

"तो चलो."

बटणं लावताना मला घरचं कॅलेंडर आठवलं. दिवाळी कधी, ते त्यावर जानेवारीतच छापलेलं असतं. उद्या कोणता दिवस आहे, हे कळायला मला कधी शेजाऱ्यांबरोबर वर बघावं लागलं नाही. बाबिलोनवाल्यांनीही पुढं कोर कधी दिसेल याची गणितं बसवली. त्यानंतर त्यांच्या गच्च्या रिकाम्या झाल्या का, कोण जाणे.

पाच कुर्ते वेळेत गेले. सहावा मास्टरांचा स्वतःचा होता, तो कापलेलाच राहिला. सकाळी ते जुनाच कुर्ता घालून ईदगाहला गेले.

मी मुबारकबाद द्यायला त्यांच्या घरी गेलो. शीरखुर्म्याच्या वाट्या आल्या. एक माझ्या हाताशी येता येता मास्टरांनी अडवली आणि घरच्यांना शांतपणे सांगितलं, "इनको मत दो. इनकी ईद कल है."