कोपऱ्यातलं लोखंडी कपाट

पुस्तकं किती जमली हे कपाट उघडलं की दिसतं. किस्से मात्र कुठं ठेवायचे हे मला अजून कळलेलं नाही. सेलूच्या आमच्या लहानशा वाचनालयात मी बरीच वर्षं पुस्तकं देते-घेते. कोण काय वाचतं यापेक्षा ते कशासाठी वाचतं, याचंच मला जास्त कुतूहल. आणि सगळ्यात जास्त किस्से दिले ते कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटानं. भुतं, खून, प्रेमप्रकरणं, सगळी तिथं गुण्यागोविंदानं नांदतात!

*

मारोतीमामा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम आहेत. फक्त भुताच्या कादंबऱ्या नेतात. सकाळी नेतात, दुपारच्या सुट्टीत वाचतात आणि दिवस मावळायच्या आत परत आणून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पुस्तक! मला वाटलं, घरी नातवंडं फाडत असतील. शेवटी न राहवून विचारलंच.

"भुताचं पुस्तक घरी मुक्कामाला नको, बाई," मामा म्हणाले.

नाव मारोती आणि ही तऱ्हा! तेव्हापासून संध्याकाळी कुलूप लावताना मीही त्या कपाटाकडे जरा बघूनच निघते.

*

वालूरच्या एक सिस्टर इथल्या दवाखान्यात नोकरीला आहेत. त्यांना प्रेमकथा लागते, पण त्यात कुणी मेलेलं चालत नाही. दिवसभर तेच बघते, पुस्तकात तरी नको, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं प्रत्येक पुस्तकाची गॅरंटी मला द्यावी लागते. एकदा मी छातीठोकपणे एक कादंबरी दिली. नायक, नायिका, दोघांचे आईवडील, सगळे शेवटपर्यंत ठणठणीत!

आठवडाभरात सिस्टरनी ती टेबलावर आपटली. "कुत्रं मरतंय ते सांगितलं न्हाई तुमी!"

*

गिराम सर निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष. हे कपाट त्यांच्या डोळ्यांत कायम खुपायचं. असल्या पुस्तकांनी डोकं बोथट होतं, असं त्यांचं ठाम मत. मामांची आवड सुधारावी म्हणून त्यांनी एक जाडजूड, बक्षीस मिळालेली कादंबरी स्वतः निवडून दिली. कोरडवाहू शेती, आटलेली विहीर, भावकीतली भांडणं. मामांनी ती पूर्ण वाचली, हे विशेष.

"लय खरं लिवलंय, सर," पुस्तक परत देताना मामा म्हणाले. "पण हे सगळं आमच्या घरीच हाय. वाचायला दुसऱ्याचं घर पायजे."

सरांना ते भलतंच लागलं. समितीच्या येत्या बैठकीसाठी त्यांनी ठरावच दिला: कपाट रिकामं करायचं आणि पुस्तकं रद्दीत घालायची. मला फार वाईट वाटलं. कपाट गेलं की मामा आणि सिस्टर इथली पायरी चढणार नाहीत, हे मला दिसत होतं. पण सरांपुढं बोलणार कोण?

*

बैठकीच्या आधी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायला मनाई केली. म्हणून त्यांच्या पत्नी, मालनकाकू, त्यांना वाचून दाखवायला पुस्तक न्यायला आल्या. मी सरांच्या आवडीचं एक गंभीर पुस्तक काढलं. काकूंनी ते बाजूला सारलं.

"वाचणार मी हाय ना? मग पुस्तक माझ्या आवडीचं," असं म्हणून त्यांनी लोखंडी कपाटातली खुनाची कादंबरी उचलली. ती ऐकून सरांचं काय झालं असेल, या विचारानं माझं कामात लक्ष लागेना. काकू मात्र नंतर फिरकल्याच नाहीत.

बैठकीला सर काळा चष्मा लावून आले. सचिवांनी ठराव वाचला.

सर उठले. "हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

सचिव गोंधळले. त्यांनी कारण विचारलं.

"अजून दोन प्रकरणं राहिलीत," सर म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालनकाकू ती कादंबरी परत घेऊन आल्या. पुढची बैठक कधी आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. मनाशी काहीतरी हिशोब करत त्या लोखंडी कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"मग याच्याहून जाड द्या," काकू म्हणाल्या.