दारूबंदीतली भोवळ

“हा मेनिएर्स डिसीज,” ठाण्याचे कानाचे डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या पायाच पडणार होतो. पण वाकलो असतो तर तिथेच आडवा झालो असतो, म्हणून नुसते हात जोडले.

रोग कळल्याचा एवढा आनंद कोणाला होतो? पण ते दारूबंदीचे दिवस होते, आणि डोंबिवलीने माझ्या आजाराचे निदान केव्हाच करून टाकले होते.

सुरुवात डाव्या कानातल्या आवाजाने झाली. आत कोणी स्टोव्ह पेटवून विसरल्यासारखा. मग एका संध्याकाळी बाजारात जमीन तिरकी झाली. भिंत धरली, तर भिंतही फिरायला लागली. गटाराकाठी बसून ओकलो. हवालदाराने तोंड हुंगून मला सोडले. लोकांनी सोडले नाही. शाळेचा मास्तर भररस्त्यात झिंगतो म्हणजे काय!

झटके येत राहिले. दर झटक्याला ऐकू कमी येई.

माझ्या शालूचे लग्न ठरले होते. तिचे होणारे सासरे, कल्याणचे तात्या, घरी येऊन म्हणाले, “दारुड्याची मुलगी आम्हाला नको.” शालू दाराआड उभी होती. तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. शेवटी मी तात्यांनाच ठाण्याच्या त्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी समजावले: कानाच्या आत, इनर इअरमध्ये, पाणी असते. शरीराचा तोल त्यावर. ते वाढले की स्थिर माणसालाही जग फिरताना दिसते. मग कॅलोरिक टेस्ट झाली. म्हणजे कानात पिचकारीने गार पाणी सोडून डोळे कसे हलतात ते बघायचे.

“पाण्याने कधी झिंग येते का?” तात्या गुरगुरले. “घाला बघू माझ्या कानात!”

डॉक्टरांनी घातले. तात्यांची बुबुळे नाचू लागली. “अहो मास्तर, धरा! पडतोय मी!”

“तात्या, सकाळी किती घेतलीत?” मी विचारले.

डॉक्टर हसले नाहीत. “निरोगी कानाला असेच होते. मास्तरांच्या डाव्या कानाने दादच दिली नाही. तो गेल्यातच जमा. आता उजवा सांभाळायचा.”

मग कोणीच हसले नाही.

तुमच्यावर ही पाळी आली तर आडवे व्हा, नजर एका जागी खिळवा, मीठ तोडा. आणि लाजून घरात लपू नका. हा रोग पुरता जात नाही. माझाही गेला नाही.

शालूच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना मांडव फिरला. तात्यांनी सगळ्यांदेखत मला कवेत घेऊन उभे धरले, आणि माझ्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले.

काय बोलले, ते मी आजवर विचारलेले नाही.