भाऊसाहेब आन् लोकरीचे दोरे

आमच्या कॉलेजात परीक्षेच्या पेपरांच्या कपाटाची चावी प्राचार्यांकडं नसायची, प्राध्यापकांकडं नसायची, ती माझ्या करदोट्याला असायची. ती मला मिळाली व्हती ते मला इंग्रजी वाचता येत न्हाय म्हणून.

ही शक्कल भाऊसाहेबांची. त्यांच्या दारावर ‘कार्यालयीन अधीक्षक’ अशी पाटी व्हती, पण तसं कुणी म्हणायचं न्हाय. बारामती-इंदापूर रस्त्याकडंच्या त्या कॉलेजात प्राचार्य बदलले, अध्यक्ष बदलले, भाऊसाहेब तेच. प्रवेश, परीक्षा, पंखे, फळे, पाण्याची मोटर, संडासाची कडी, सगळं त्यांच्या गळ्यात. मी शिपाई म्हणून लागलो त्या साली परीक्षेआधी त्यांनी मला आत बोलावलं आन् एका कागदावरचं इंग्रजी दाखवून विचारलं, काय लिवलंय. मी म्हणलं, साहेब, मुंग्या चालल्यात. ते इतके खूश झाले की मला वाटलं आपला पगार वाढतोय. त्यांनी चावी काढून हातात दिली. म्हणाले, "वाचणाऱ्याला मोह व्हतो. तुला झाला तरी उपयोग न्हाय."

माझी शाळा चौथीत संपली. खरं सांगायचं तर तिसरीतच संपली व्हती, चौथीत मी नुसता बसायला जायचो. मंग अशा माणसानं रोजचा बरोबर गठ्ठा काढायचा कसा? त्यावर भाऊसाहेबांनीच तोड काढली. आमचं घर शेळगावचं. आज्यापातुर मेंढरं वळली, बापानं शेती धरली, पण आई तवाबी चातीवर लोकर कातायची. भाऊसाहेबांनी तिच्याकडनं दोऱ्याचे तीन गुंडे आणवले, पांढरा, काळा आन् करडा. विद्यापीठाकडनं लाखेचा शिक्का मारलेले गठ्ठे आले की ते दार लावून बसायचे आन् ज्या त्या दिवसाच्या गठ्ठ्याला ज्याचा त्याचा दोरा बांधायचे. सकाळी मला नुसता रंग सांगायचे. मी गठ्ठा आणायचो, ते वरचं इंग्रजी एकदा वाचून बघायचे, मंगच तो हॉलवर जायचा. सहा वर्षं हे बिनचूक चाललं. गावात मी सांगायचो, आमच्या लोकरीवर विद्यापीठ चालतंय.

सकाळी कॉलेज भरायच्या आधी भाऊसाहेबांची फेरी असायची. खिशात खडू, फ्यूजची तार आन् एक शिट्टी. प्रत्येक वर्गात जाऊन ते पोरांच्या बाकावर स्वतः बसून बघायचे, मागं-पुढं हलून. बाक डुगडुगला की मला हाक. मी म्हणायचो, साहेब, बसणारी पोरं बी डुगडुगतीच हायत. ते हसायचे न्हाईत. "बाक हलला की अक्षर हलतं, म्हादू. अन् मार्क देणाऱ्याला बाक दिसत न्हाय, अक्षर दिसतं." मंग मी पायाखाली लाकडाची चिप ठोकायचो. पहिल्या वर्षी मी चिपा चुकीच्या पायाला ठोकल्या आन् आख्खी रांग डाव्या अंगाला कलली. त्यांनी काय केलं, तर त्या रांगेत मला तासभर बसवलं. पुन्हा पाय चुकला न्हाय.

कॉलेजचा पहिला तास दहाला धरायचा का सव्वादहाला, यावर एकदा बैठक बसली. मी चहा घेऊन आत व्हतो. प्राचार्य म्हणत व्हते, कॉलेज काय येष्टीच्या वेळंवर चालवायचं का? भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पोरं येष्टीनंच येत्यात." कळसची गाडी किती वाजता येती, शेळगावची कुठल्या वारी उशिरा येती, हे त्यांना डेपोतल्या माणसापेक्षा जास्त पाठ व्हतं. पहिला तास सव्वादहाला झाला. त्यांच्यामुळं झाला हे कुणालाच आठवत न्हाय, आन् त्यांना तेच बरं वाटायचं. "आपलं काम कुणाला दिसलं, तर कायतरी बिघडलंय असं समजायचं," असं ते नेहमी सांगायचे. माझं काम सगळ्यांना दिसायचं. एकदा मला भूक लागली म्हणून मी जेवणाच्या सुट्टीची घंटा पाऊण तास आधी दिली. आख्खं कॉलेज डबे सोडून बसलं. भाऊसाहेबांनी कुणाला उठवलं न्हाय, तेवढा वेळ पुढच्या तासांत कापून बसवला, आन् जाताना मला एवढंच म्हणाले की पोट तुझं असलं तरी घंटा कॉलेजची हाय.

पण या सगळ्यापेक्षा त्यांचा जीव व्हता परीक्षा केंद्रावर. आधी आमच्या पोरांना शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायला लांब जाऊन, खोली घेऊन ऱ्हावं लागायचं. पोरगे जायचे. पोरींना घरचे सोडायचे न्हाईत. दोन वर्षं शिकलेली पोरगी तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या महिन्यात सासरी जायची, आन् हजेरीपटावर तिच्या नावाम्होरं रेघ. भाऊसाहेब त्या रेघा मोजायचे. किती हेलपाटे घातले, किती अर्ज केले, तवा कुठं केंद्र मिळालं, त्येबी अटीवर. एक जरी गडबड झाली तरी केंद्र बंद. पहिल्या परीक्षेला कळसच्या अकरा पोरी आल्या. भाऊसाहेब त्या दिवशी जेवले न्हाईत, हॉलच्या बाहेर नुसते फिरत व्हते.

आता माझी करणी ऐका. सातव्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला कायम करायचं ठरलं व्हतं, म्हणून मी जरा जास्तच काम करत व्हतो. सोमवारी कुणी सांगितलं नसताना कपाट पुसायला काढलं. गठ्ठा उचलायचा तर बुडातनं उचलावा. मी दोऱ्याला धरून ओढला, कोकराला कानाला धरून ओढावं तसा. दोन गठ्ठ्यांचे दोरे निसटून खाली पडले, एक पांढरा, एक काळा. भाऊसाहेब तवा हापिसातच व्हते. हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम. पण मला वाटलं, कायम व्हायच्या तोंडावर कशाला आपली अक्कल दाखवा. आन् मी मेंढरवाल्याचा नातू, दोनशे मेंढरांत आपलं कोकरू तोंडावरनं वळखतो असं सांगत फिरणारा. दोन्ही गठ्ठे हातावर तोलले. हा जरा जड, हा पांढऱ्याचा. बांधला दोरा.

मंगळवारी सकाळी शेळगावची गाडी वाटंत बंद पडली. पोरं आणायला भाऊसाहेब कारखान्याचा ट्रॅक्टर गाठायला फाटकाकडं धावले, जाता जाता मला ओरडून सांगितलं, पांढरा. वाचून बघायला ते तितं नव्हते. मी गठ्ठा हॉलवर दिला. भाऊसाहेबांनी वाचून बघितलाय असं धरून मास्तरांनी शिक्का फोडला, पेपर वाटले. मी दारात उभा राहून बघत व्हतो, आन् कळसची एक पोरगी उभी राहिली. तिनं पेपर दोन्ही हातांनी धरला व्हता. म्हणाली, "सर, हा गुरवारचा हाय."

भाऊसाहेब शेळगावची पोरं घेऊन आले तवा त्यांच्या धोतराला ट्रॅक्टरचं तेल लागलेलं व्हतं. त्यांनी आवाज चढवला न्हाय. आधी दारं लावून घेतली, सगळे पेपर गोळा केले, मोजले, पाकिटात घातले. पोरांना सांगितलं, कुणी बाहेर जायचं न्हाय, घाबरायचं न्हाय, परीक्षा आजच व्हणार. मंग माझ्याजवळ आले. "दोरा तू बांधलास?" मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आन् उघडले. म्हणाले, "आज तू फक्त पाणी दे."

मी पाणी देत राहिलो. हापिसात फोन चालू व्हता ते व्हरांड्यातनं ऐकू यायचं. विद्यापीठातनं एकच विचारणा, गठ्ठा हाताळला कुणी. शिपायानं परस्पर दोरा सोडला-बांधला असं कळलं असतं तर पेपर फुटल्याची चौकशी, आन् चौकशी म्हंजे केंद्र त्याच घडीला बंद. भाऊसाहेबांनी सांगितलं, गठ्ठा मी काढला, मी तपासला, वाचण्यात माझी चूक झाली. तसं लिहून सही केली. दीड तासानं परवानगी आली. मंगळवारचा गठ्ठा कपाटात शिक्क्यासकट व्हता, तो फोडला, पोरांनी पेपर लिवला. संध्याकाळच्या गाड्या चुकणार म्हणून भाऊसाहेबांनी बारामती डेपोला फोन करून दोन गाड्या थांबवून ठेवल्या. गुरवारचा पेपर विद्यापीठानं बदलला. केंद्र राहिलं.

नंतर भाऊसाहेबांच्या चुकीवर संस्थेची समिती आली. एकेकाला आत बोलावलं, मलाबी बोलावलं. मला त्यांनी विचारलं, तुला काय माहीत हाय. आयुष्यभर मी तोंड बंद ठेवलं न्हाय, मयतीतबी लोकांना हसवलंय. त्या दिवशी तोंडातनं एवढंच आलं की मला इंग्रजी येत न्हाय. साहेब लोक हसले. मी बाहेर आलो. भाऊसाहेब बाकड्यावर बसले व्हते. त्यांनी मला विचारलंबी न्हाय, काय बोललास.

त्यांना अधीक्षकपदावरनं काढून संस्थेच्या इंदापूरच्या शाळेत भांडार सांभाळायला पाठवलं. खडू, डस्टर, झाडू द्यायचे आन् सही घ्यायची. निरोपसमारंभ न्हाय, हार न्हाय. पाटी मीच काढली, स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडंच असायचा. त्याच महिन्यात मी कायम झालो. आईनं पेढे वाटले. मी म्हणलं, वाटू नको. ती म्हणली, का रं, दात दुखत्यात का?

इंदापूरला जायला आमच्या फाटकावरनं अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी. चार वर्षांत मी त्या गाडीत बसलो न्हाय. एकदाच बारामतीच्या स्टँडवर ते दिसले. खांदे उतरलेले, हातात औषधाची पिशवी. मी मनात जुळवत गेलो की आज सांगायचंच, भाऊसाहेब, माफ करा. त्यांनी मला बघितलं आन् विचारलं, "तीन नंबरच्या हॉलचा पंखा अजून खडखड करतो का?" मी म्हणलं, करतो, पण आता मास्तरांच्या आवाजापुढं ऐकू येत न्हाय. ते हसले. माझ्या विनोदाला ते हसलेले मी पहिल्यांदाच बघितलं. तेवढ्यात इंदापूरची गाडी लागली. चढताना त्यांचा पाय पायरीवरनं घसरला, मी हात दिला. हात लय हलका लागला.

पुढच्या पावसाळ्यात भाऊसाहेब गेल्याचा निरोप आला. मी दहाव्याला गेलो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, भिंतीवर फोटो, फोटोतबी खिशाला खडूचा डाग. माणसं पांगल्यावर मी वहिनींच्या, म्हंजे भाऊसाहेबांच्या बायकोच्या, पुढ्यात बसलो. त्या भांडी आवरत व्हत्या. मला रडू आवरंना. चार वर्षं जे पोटात व्हतं ते सगळं सांगितलं, कपाट, दोरा, समिती, माझं गप बसणं. म्हणलं, वहिनी, माझी नोकरी वाचवायला त्यांनी सगळं अंगावर घेतलं. माझ्यापायी तो देवमाणूस भांडारात बसला. मी असा, मी तसा.

वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तुमच्यापायी न्हाय, म्हादूभाऊ. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं, त्यात तुमचं नावसुदिक न्हवतं. पोरींचा पेपर झाला, केंद्र राहिलं, एवढंच सांगत व्हते. उगं मधी घुसू नका. अन् सरका जरा, मला मोरीकडं जायचंय."